पहिलं मिनिट कुणाचं?

मागच्या अंकात मी आमच्या सातारा भागातल्या माजी सैनिकांच्या एका मेळाव्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, आणि शेवटी सहज लिहून गेले की समोर बसलेल्या जुन्या जवानांसाठी सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहून मौन पाळलं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं खरंच वाटलं नव्हतं. कुणाला ते आवडलं, कुणाला खटकलं, कुणाला नीट कळलंच नाही. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेते, राग नसावा.

प्रश्न – ताई, नमस्कार. आमची कोथरूडला सोसायटी आहे, ८४ फ्लॅटची. तीन माजी सैनिक राहतात, त्यातले एक आजोबा नव्वदीला टेकलेत. १४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो म्हणून त्यांचा छोटासा सत्कार ठरवला आणि सुरुवातीला दोन मिनिटं मौन ठेवलं. तर कमिटीतले एक काका म्हणाले, अहो मौन गेलेल्या माणसाला असतं, समोर जिवंत बसलेल्या माणसांसाठी कसलं मौन पाळताय, अपशकुन आहे, त्यात संक्रांतीचा दिवस. आता निम्मी कमिटी त्यांच्याकडे आणि निम्मी माझ्याकडे झालीये. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर – काकांवर अजिबात रागावू नका. आपल्याकडे मौन म्हटलं की शोकसभाच डोळ्यापुढे येते, टेबलावर फोटो, हार, उदबत्ती, आणि कुणीतरी घसा खाकरून "दोन मिनिटं उभे राहूया" म्हणतं. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी मौन पाळलेलं आपण पाहिलेलंच नसतं, मग त्यांना तसं वाटणारच. पण ही दोन मिनिटांची पद्धत आली कुठून ते त्यांना सांगा, मला वाटतं ते ऐकतील.

१९१८ चा मे महिना, पहिलं महायुद्ध अजून चालूच होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनला सिग्नल हिल नावाच्या टेकडीवरून रोज दुपारी बाराला तोफ उडायची. तिथल्या एका नगरसेवकाने सुचवलं आणि महापौर सर हॅरी हँड्स यांनी ठरवलं की ती तोफ वाजली की सगळ्या गावाने जिथं असेल तिथं थांबायचं. १४ मे ला पहिल्यांदा थांबले, तीन मिनिटं. ती जरा लांबली म्हणून लगेच दोनवर आणली. ट्राम जागच्या जागी, गाड्या जागच्या जागी, माणसांनी डोक्यावरच्या टोप्या काढलेल्या, आणि एका इमारतीच्या गॅलरीतून बिगुलवर लास्ट पोस्ट नावाची धून. हे एक दिवस नाही, पुढे जवळपास वर्षभर रोज चालू होतं. आणि हे हँड्स म्हणजे नुसते खुर्चीत बसून हुकूम काढणारे गृहस्थ नव्हते हो, त्यांचा मुलगा रेजिनाल्ड आदल्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, युद्धात जखमी होऊन फ्रान्समध्ये वारला होता.

आता मुद्द्याचं. दोनच मिनिटं का, तर तिथं त्याचा अर्थ असा सांगत की पहिलं मिनिट जे जिवंत परत आले त्यांच्यासाठी, कृतज्ञतेचं, आणि दुसरं मिनिट जे परतले नाहीत त्यांच्या आठवणीचं. म्हणजे जिवंत सैनिकासाठी मौन हे काही तुमच्या सोसायटीने काढलेलं नवीन खूळ नाही. पहिलं मिनिटच त्यांचं आहे, आपण ते विसरलो आणि दोन्ही मिनिटं गेलेल्यांच्या नावावर लिहून टाकली.

पुढे सगळ्या जगात गेलं ते असं. दक्षिण आफ्रिकेतलेच एक लेखक सर पर्सी फिट्झपॅट्रिक, त्यांचाही मुलगा १९१७ च्या डिसेंबरात युद्धात मारला गेलेला, त्यांनी १९१९ ला लंडनला ब्रिटिश मंत्री लॉर्ड मिल्नर यांना लिहून कळवलं की केपटाउनला आम्ही हे करायचो, सगळीकडे करा. (त्याच वर्षी मे महिन्यात एडवर्ड हनी नावाच्या ऑस्ट्रेलियन पत्रकाराने लंडनच्या पेपरात पाच मिनिटांच्या मौनाची कल्पना मांडली होती, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही.) मग राजे पंचम जॉर्ज यांनी ७ नोव्हेंबरला जाहीर केलं आणि चारच दिवसांनी, ११ नोव्हेंबर १९१९ ला सकाळी ११ वाजता, युद्ध थांबलं त्याला बरोबर वर्ष झालं तेव्हा, सगळ्या साम्राज्यात पहिल्यांदा मौन पाळायचं ठरलं. फिट्झपॅट्रिकांचं म्हणणं होतं की हे मौन ज्या बायकांनी सोसलं त्यांचं देणं आहे, मुलांचं देणं आहे म्हणजे त्यांना कळेल आपलं स्वातंत्र्य कुणामुळे आहे, पुरुषांचं आहे, आणि सगळ्यात वर, गेलेल्यांचं. बघा, ह्या यादीत जिवंत माणसंच जास्त आहेत.

आणि काकांना बाहेरची उदाहरणं नको असतील तर आपल्या मराठा पलटणीचीच देते. यशवंत घाडगे, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, आणि नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. दोघं जवळपास एकाच वयाचे, दोघं पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत, दोघं दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्यासाठीचं सगळ्यात मोठं पदक. १० जुलै १९४४ ला घाडग्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, सगळे मशिनगनच्या गोळ्यांनी पडले, मेले नाहीतर जखमी झाले, आणि हा बावीस वर्षांचा मुलगा एकटा त्या मशिनगनवर धावून गेला, ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली, उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं, आणि मग लपलेल्या शत्रूच्या गोळीने तिथंच गेला. त्यांची कबरसुद्धा सापडलेली नाही, इटलीत कॅसिनो नावाच्या गावी स्मारकावर फक्त नाव आहे. पुढच्या वर्षी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून उचलून बाहेर आणलं, मग परत जाऊन मशिनगनच्या तीन जागा एकट्याने बंद केल्या, आणि काठावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा दिली, हातावर जखम तशीच वाहत असताना. ते परत आले. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं आपल्यात जगले आणि १९८४ ला पुण्यातच गेले. तुमच्याच शहरात! कुणाला त्यांच्या घरावरून जाताना थांबावंसं वाटलं असेल का, मला नेहमी हा विचार येतो आणि जीव कासावीस होतो.

तर दुसरं मिनिट यशवंत घाडग्यांचं आणि पहिलं नामदेव जाधवांचं, असं सांगून करा मौन. फक्त सुरुवातीला माइकवरून हे नीट सांगा, म्हणजे त्या नव्वदीच्या आजोबांना आपल्याला जिवंतपणी श्रद्धांजली वाहतायत असं वाटायला नको. आणि १४ जानेवारी का ते पण सांगा, फील्ड मार्शल करिअप्पा, आपले पहिले भारतीय सेनाप्रमुख, १९५३ ला त्या दिवशी निवृत्त झाले. निवृत्तीचा दिवस आहे तो, मरणाचा नाही, हे ऐकलं की काकांचा अपशकुनाचा मुद्दा मला वाटतं राहणार नाही. संक्रांत आहे ते तर चांगलंच की. मौन संपलं की सोसायटीतली सगळ्यात लहान पोरं तिळगूळ घेऊन त्या तिघांकडे आधी जातील असं ठेवा, आणि त्यांच्या बायकांनाही शेजारी बसवा, पहिल्या रांगेत, मागे स्वयंपाकघरात नको.

प्रश्न – नमस्कार ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी सहावीत आहे. ११ नोव्हेंबरला तिच्या शाळेत सकाळी ११ ला मौन, माझ्या ऑफिसात मेल आला दुपारी २:११ ला दोन मिनिटं थांबा, आणि मे मध्ये मेमोरियल डेला दुपारी ३ ला. ती विचारते, बाबा नक्की किती वाजता आणि कुणासाठी? मला सांगता येईना. आणि अजून एक, आपण तर इथले नाही, आपण उभं राहायचं का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर – मुलीने फार छान विचारलंय. अमेरिकेत दोन दिवस वेगळे आहेत. मे महिन्यातला शेवटचा सोमवार म्हणजे मेमोरियल डे, तो लढाईत गेलेल्यांचा, आणि त्या दिवशी दुपारी ३ ला, ज्याच्या त्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे, एक मिनिट थांबायचं असा कायदा २००० साली झाला. ११ नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे हा सैन्यात नोकरी केलेल्या सगळ्यांचा, आणि त्यातही जे आज हयात आहेत त्यांचे आभार मानायचा. पूर्वी त्याचं नाव आर्मिस्टिस डे, म्हणजे युद्धबंदीचा दिवस, असं होतं, १९५४ ला राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी सही करून नाव बदललं. मधे काही वर्षं, १९७१ ते ७७, लाँग वीकेंड मिळावा म्हणून हा दिवस ऑक्टोबरातल्या सोमवारी नेला होता पण लोकांना ते पटलं नाही, ११ नोव्हेंबरच पाहिजे म्हणून अडून बसले आणि १९७८ ला परत आणला. मला हे फार आवडतं.

आता २:११ चं. २०१६ च्या ऑक्टोबरात ओबामांनी एका कायद्यावर सही केली की व्हेटरन्स डेला सगळ्या देशाने एकाच क्षणी दोन मिनिटं मौन पाळावं. देश एवढा मोठा, घड्याळं वेगवेगळी, म्हणून तुमच्याकडे दुपारी २:११, शिकागोला १:११, डेनव्हरला १२:११, कॅलिफोर्नियात सकाळी ११:११ आणि हवाईत सकाळी ९:११. म्हणजे हवाईत कुणीतरी सकाळच्या कॉफीचा कप खाली ठेवतो त्याच क्षणी तुम्ही ऑफिसात उभे असता. शाळेचं ११ चं मौन जुन्या परंपरेतलं, कारण १९१८ ला अकराव्या महिन्यातल्या अकराव्या दिवशी अकरा वाजता तोफा थांबल्या. दोन्ही बरोबर आहेत, मुलीला दोन्ही पाळू द्या.

आणि आपण इथले नाही असं काय म्हणता. एक तर तुमची बस चालवणारा, तुमच्या मुलीला शिकवणारी, शेजारचा म्हातारा, ह्यातलं कुणीतरी सैन्यात होतं असणारच, ते तुमचेच शेजारी. दुसरं म्हणजे ११ नोव्हेंबर हा आपलाही दिवस आहे हो! पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांवर माणसं गेली, ७४ हजारांहून जास्त परत आली नाहीत, फ्रान्सच्या चिखलात, मेसोपोटेमियाच्या उन्हात, आणि त्यात आपली मराठी पोरं होती. पुण्यात खडकीला त्या युद्धातल्या अठराशेहून जास्त जणांची नावं असलेलं स्मारक आहे. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर छत्री म्हणून पांढऱ्या संगमरवराची एक जागा आहे, तिथल्या हॉस्पिटलात वारलेल्या हिंदू आणि शीख जवानांना त्या जागेवर अग्नी दिला, १९२१ पासून ती छत्री उभी आहे. मुलीला तिचा फोटो दाखवा आणि मग २:११ ला तिला विचारा कुणाची आठवण काढलीस, काय सांगते ते मला कळवा.

प्रश्न – ताई, मी बार्शीकडे प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. ३० जानेवारीला ११ वाजता किंवा शहिदांच्या कार्यक्रमात मौन ठेवलं की मुलं हमखास हसतात. एक हसला की सगळी रांग. ओरडून काही उपयोग होत नाही, आणि आपण मोठ्यांसमोर ओशाळतो. काय करावं?
– एक शिक्षिका

उत्तर – बाई, मुलं हसतात कारण त्यांना त्या दोन मिनिटांत करायला काही दिलेलंच नसतं. "शांत राहा" हे काही काम नाही ना. आणि मोठ्यांचं तरी काय चांगलं आहे, आपल्या कित्येक सभांमध्ये दोन मिनिटं म्हणतात आणि तीस सेकंदात माइकवाला "धन्यवाद, खाली बसा" म्हणून मोकळा होतो, मी घड्याळ लावून बघितलंय. पोरांना हे कळतं. मोठ्यांनाच घाई आहे म्हटल्यावर ते कशाला मनावर घेतील.

मी आमच्या गावच्या शाळेत हे केलंय आणि जमलंय, म्हणून सांगते. आदल्या दिवशी मुलांना एकच गोष्ट सांगायची, एकाच माणसाची. खूप नावं नाहीत, "हजारो वीरांनी" वगैरे नाही. तुमच्या गावातला किंवा शेजारच्या गावातला कुणी असेल तर उत्तमच, तो काय खायचा, शाळेत कुठल्या बाकावर बसायचा, चिठ्ठीत काय लिहायचा, घरच्यांना विचारून आणायचं. मग दुसऱ्या दिवशी म्हणायचं, आता आपण दोन मिनिटं ह्या दादाचा चेहरा डोळ्यापुढे आणायचा. मुलं डोळे मिटतात आणि खरंच आणतात. तुम्ही पुढे उभं राहून हातातल्या घड्याळाकडे बघा, मुलांकडे डोळे वटारू नका, आणि पूर्ण दोन मिनिटं होऊ द्या, लहान मुलांना झेपत नसेल तर एकच मिनिट ठेवा पण ते पूर्ण ठेवा. सुरू आणि शेवट कळायला शाळेची घंटा एकदा द्यायची. ३० जानेवारीला कित्येक गावांत भोंगा होतो, १०:५९ ला सुरू होऊन ११ ला थांबतो आणि ११:०२ ला परत, तो ऐकू येत असेल तर मग घंटाही नको. मौन संपल्यावर टाळ्या वाजवू द्यायच्या नाहीत, लगेच पुढचं भाषणही नको, दोन श्वास जाऊ द्या.

आणि मुलांना सैन्यात हे कसं करतात ते दाखवा, त्यांना फार आवडतं. "शोक शस्त्र" असा हुकूम होतो, जवान रायफल उलटी करतात, नळी खाली पायाशी, दोन्ही हात दस्त्यावर आणि मान खाली. बिगुलवर आधी लास्ट पोस्ट वाजते, म्हणजे छावणीत दिवस संपला, झोपा, अशी ती धून, मग मौन, आणि मग राउज, म्हणजे उठा. आमच्या वर्गातल्या एका मुलाने मला विचारलं होतं की बाई, मग जे झोपले ते उठतात का. मी त्याला उत्तर देऊ शकले नाही, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

प्रश्न – मी माजी हवालदार. सतरा वर्षं नोकरी केली, त्यातला काही काळ सियाचीनला. ताई, १५ ऑगस्टला आम्हाला बोलावतात, शाल नारळ देतात, मौन पाळतात. आणि त्याच आठवड्यात एका ऑफिसात साध्या दाखल्यासाठी मी चार हेलपाटे घातले, तिथल्या माणसाने मान वर करून बघितलं पण नाही. मौनाचं काय करायचं आम्ही? तुम्ही मौनावर लिहिता ते वाचून मला राग आला, खरं सांगतो.
– एक माजी सैनिक, सांगली जिल्हा

उत्तर – दादा, राग आला ते लिहिलंत हे बरं केलंत. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, बेळगावला ट्रेनिंग, मग पंजाब, मग नागालँड, १९७९ ला घरी आले. दर २६ जानेवारीला ते इस्त्रीचा शर्ट, छातीवर मेडल लावून गावातल्या झेंडावंदनाला जायचे आणि मागच्या रांगेत उभे राहायचे. पुढच्या खुर्च्यांवर गावातले पुढारी. वीस-बावीस वर्षांत त्यांना एकदाही कुणी पुढे या म्हणालं नाही. ते कधी बोलले नाहीत, पण घरी आल्यावर मेडल काढताना त्यांचे हात सावकाश चालायचे, ते मला अजून दिसतं. म्हणून तुमचा राग मला कळतो, आणि मौन पाळून आपलं काम झालं असं समजणारे लोक मलाही नको वाटतात.

आता तुमच्या दाखल्याचं. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, तिथं लेखी अर्ज द्या, कुठल्या ऑफिसात किती तारखेला गेलात ते सगळं लिहून, आणि पोच घ्या, तोंडी सांगू नका. तिथले बरेचसे लोक स्वतः फौजेतून आलेले असतात, तुमची भाषा समजते त्यांना. दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९ पासून, तो निधी युद्धात गेलेल्यांच्या घरच्यांसाठी, जखमी जवानांसाठी आणि माजी सैनिकांसाठीच गोळा होतो, तेव्हा त्यातून काही हक्काचं असेल तर विचारायला लाजू नका.

वाचकांनाही सांगते. नोव्हेंबर आला की बहुतेक निवृत्तांना हयातीचा दाखला द्यायचा असतो, आता तो मोबाइलवर होतो पण सत्तरीच्या सुभेदारसाहेबांना ते अॅप जमत नाही, ओटीपी येतो आणि जातो. तुमच्या गल्लीत कुणी असेल तर अर्धा तास काढा, त्यांच्याकडे जा, फोन हातात घ्या, करून द्या. माझ्या मते हे दोन मिनिटांच्या मौनाचाच भाग आहे.

आणि आपण किती उशीर करतो बघा. मुरलीकांत पेटकर, तुमच्याच सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण आणलं, भारताचं पहिलं. पद्मश्री मिळाली २०१८ ला आणि अर्जुन पुरस्कार २०२५ ला. मधली ती सगळी वर्षं आपण काय करत होतो. ते आपल्यात आहेत, हिंडतात फिरतात, भेटले तर नमस्कार करा, मरायची वाट नका बघू कुणाची.

प्रश्न – १४ जानेवारीला व्हॉट्सअॅपवर "हॅपी व्हेटरन्स डे" टाकलं तर चालतं का? आमच्या ग्रुपवर यावरून वाद झाला.
– एक वाचक, नाशिक

उत्तर – चालतं की, जिवंत माणसाला शुभेच्छा द्यायला काय हरकत. फक्त ३० जानेवारीला किंवा २६ जुलैला कारगिलच्या शहिदांच्या फोटोवर "हॅपी" लिहू नका, आणि शक्य असेल तर स्टेटसपेक्षा ज्याला ओळखता त्याला फोन करा.

प्रश्न – ताई, हे थोडं वेगळं आहे, छापायचं की नाही तुम्ही ठरवा. माझे वडील १९७१ च्या युद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत होते, जमालपूरला, म्हणजे आताच्या बांगलादेशात. आम्हाला एवढंच माहीत आहे, तेही आईने सांगितलं म्हणून. त्यांनी आयुष्यात कधी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. १६ डिसेंबरला टीव्हीवर ढाक्याचं ते शरणागतीचं दाखवायला लागले की ते उठतात आणि गच्चीवर जातात, एकटे. तास दीड तास. लहानपणापासून बघतोय. आता ते ७७ वर्षांचे आहेत, जिने चढताना दम लागतो तरी जातात. मला वाटतं आता तरी त्यांनी बोलावं, माझ्या मुलाला सांगावं. मी गेल्या वर्षी रेकॉर्डिंग करायला मोबाइल घेऊन वर गेलो तर ते खाली निघून आले आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. माझं काय चुकलं?
– एक मुलगा, सातारा

उत्तर – दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना माझ्या वडिलांचेच हात डोळ्यापुढे आले.

जमालपूरचं मी वाचलंय तेवढं सांगते. पहिली मराठा, म्हणजे तुमच्या वडिलांची जंगी पलटण, शत्रूची मागे हटायची वाट अडवून बसली होती, आणि १० डिसेंबरच्या रात्री जमालपूरच्या लष्करी ठाण्यातले पाकिस्तानी सैनिक ती वाट फोडून निघायला आपल्या लोकांच्या अंगावर आले, अंधारात, अगदी जवळून. पलटण हटली नाही. सहा दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली, ९३ हजार शरण आले, सगळ्या देशात पेढे वाटले. पण त्या रात्री तिथं खंदकात असलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराने काय पाहिलं ते आपल्याला पुस्तकातून कळणार नाही. टीव्हीवर देश जिंकलेला दिसतो, तुमच्या वडिलांना कदाचित शेजारच्या खंदकातला मित्र दिसत असेल. किंवा समोरचा पण दिसत असेल, आपल्याला काय माहीत.

तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तुम्ही प्रेमानेच गेलात. पण इतका वेळ मी इथं मौन कसं पाळावं, किती वाजता, घंटा कधी, असं सगळ्यांना सांगत बसलेय, आणि तुमचे वडील मात्र गेली पन्नासहून जास्त वर्षं कुणी न सांगता दर १६ डिसेंबरला ते पाळतायत. गच्चीवर ते तेच करत असणार. त्यात मोबाइल नेला म्हणजे देवघरात कुणी डोळे मिटून बसलेलं असताना आपण लाइट लावून फोटो काढल्यासारखं झालं. म्हणून ते उठून आले.

बोलतील की नाही ते मी सांगू शकत नाही. काही जण शेवटपर्यंत बोलत नाहीत, माझे वडील नाहीत बोलले. काही जण नातवाशी एकदम बोलायला लागतात, मुलाशी नाही, असंही मी पाहिलंय. झोप लागत नसेल, रात्री दचकून उठत असतील, फटाक्यांचा त्रास होत असेल तर मात्र ह्या वयातही डॉक्टरला जरूर दाखवा, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये सुद्धा सांगता येतं, त्यात कमीपणा काही नाही.

रेकॉर्डिंगचं सोडून द्या. प्रश्न विचारायचे असतील तर लढाईचे नका विचारू, पलटणीत भाकरी कशी मिळायची, थंडीत पांघरायला काय होतं, बेळगावला उस्ताद किती पळवायचे, असलं विचारा, आणि तेही १६ तारखेला नाही, एखाद्या साध्या दिवशी जेवताना. त्यांच्या कंपनीतलं कुणी हयात असेल तर शोधून फोन लावून द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा. जुन्या साथीदाराशी ते बोलतील असं मला मनापासून वाटतं.

आणि येत्या १६ डिसेंबरला ते टीव्हीसमोरून उठले की थोडा वेळ जाऊ द्या. जिन्यातला लाइट आधीच चालू करून ठेवा, दम लागतो म्हणता ना. मग चहाचे दोन कप घेऊन वर जा, एक त्यांच्याजवळ कठड्यावर ठेवा आणि थोडं अंतर राखून तुम्हीही उभे राहा. मुलाला यायचं असेल तर येऊ द्या. काही विचारू नका. ते खाली निघाले की मागोमाग कप घेऊन खाली या.